'ओळखीतला स्वस्त माणूस' शोधणाऱ्या फिनिक्सच्या मराठी मंडळींसाठी

पोस्ट लांब आहे आणि थोडी कडूही आहे. पण उन्हाळा तोंडावर आलाय आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईबाबा तिकिटं काढून बसलेत, म्हणून आजच लिहितोय.

काल आपल्याच एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला. "गॅरेजमध्ये गाडीच्या चार्जरसाठी २४० व्होल्टचा पॉइंट काढायचाय. कोणी ओळखीतला इलेक्ट्रिशियन आहे का? रीझनेबल हवा. परमिटची भानगड नको." दहा मिनिटांत सात उत्तरं आली. सातपैकी पाच जणांनी एकच नंबर दिला होता. खाली अंगठे, हात जोडलेले, "थँक्यू दादा" वगैरे सगळं यथासांग.

तो नंबर माझ्याकडेही आहे. दोन वर्षांपूर्वी मीही तो असाच घेतला होता. म्हणून आधी माझं सांगतो, मग तुमच्याशी भांडतो.

मी रीतसर दोन कोटेशनं मागवली होती. लायसनवाल्या इलेक्ट्रिशियननं परमिटसकट १८५० डॉलर सांगितले. ग्रुपवरच्या माणसानं सांगितले साडेसहाशे, तेही रोख. मी इंजिनियर माणूस, हिशेबात पक्का. बाराशे डॉलर वाचवले म्हणून बायकोला दोनदा ऐकवलं. शनिवारी सकाळी तो आला, तीन तासांत काम उरकलं, चहा घेतला, गेला. चार्जर सुरू झाला. मीसुद्धा ग्रुपवर त्याची शिफारस करून मोकळा झालो. ही गोष्ट एप्रिलची.

जुलैत आईबाबा अकोल्याहून आले. एका शनिवारी दुपारी तीन वाजता मी गाडी चार्जिंगला लावली, कारण वीकेंडला विजेचा दर कमी. बाहेर ११४ अंश. पाचच्या सुमारास आईला वास आला, प्लास्टिक जळाल्याचा. गॅरेजचं दार उघडलं तर सॉकेटमधून धूर येत होता आणि भिंतीवर काळा डाग वर चढत होता. बाहेर पळत जाऊन मेन बंद केला, ९११ ला फोन केला. आग पसरली नाही. अग्निशमन दलाच्या लोकांनी सगळं तपासलं आणि जाताना बजावलं की इलेक्ट्रिशियननं बघितल्याशिवाय मेन चालू करायचा नाही.

शनिवार संध्याकाळ. मी त्या माणसाला फोन केला. "तासाभरात येतो." सात वाजता पुन्हा केला. "रस्त्यातच आहे." आठला फोन बंद. मूर्खासारखा मी त्याच्या भरवशावर बसून राहिलो. कारण दुसऱ्या कुणाला बोलावलं तर "हे काम कुणी केलं?" या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं असतं. नऊ वाजता घरातलं तापमान ९७ झालं होतं. बाबा सोफ्यावरून उठले, दोन पावलं चालले आणि मला विचारलं, "गच्चीवर अंथरुणं घातली का रे?"

आमच्या घराला गच्ची नाही. ते अकोल्याच्या घराबद्दल बोलत होते. वय ७६, रक्तदाबाची गोळी चालू, आणि चार तास बंद घरात. इमर्जन्सीमध्ये सलाइन लागलं. दोन दिवसांनी घरी आणलं. आज ठणठणीत आहेत, देवाची कृपा. पण तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे, आणि त्या प्रश्नाची किंमत बाराशे डॉलर होती हेही मला माहीत आहे.

चूक कुणाची? त्या माणसाची होतीच. पण पहिली चूक माझी. योग्य कोटेशन माझ्या हातात होतं आणि मी ते बाजूला ठेवलं.

आता नेमकं काय चुकलं ते बघा, कारण ते समजल्याशिवाय "वाळवंटात वायरिंग वेगळं असतं" हे वाक्य नुसतं वाक्यच राहतं.

सोमवारी लायसनवाला इलेक्ट्रिशियन आला. तोच, ज्याला मी नाही म्हटलं होतं. म्हणाला, ॲटिकमध्ये आत्ता जाणार नाही, उद्या पहाटे साडेचारला येतो. या गावात काम करणाऱ्याला हे माहीत असतं. जुलैच्या दुपारी आपल्या ॲटिकमध्ये १४०-१५० अंश, म्हणजे ६० ते ६५ सेल्सिअस असतं. तिथे माणूस टिकत नाही. आणि तारही टिकत नाही.

चार्जरचा ब्रेकर ५० अँपियरचा होता, गाडी सलग ४० अँपियर ओढत होती. इथपर्यंत बरोबर आहे, कारण तासन् तास चालणाऱ्या लोडसाठी सर्किट सव्वापट धरायचं असतं. पण अशा सर्किटला साध्या घरगुती केबलमध्ये ६ गेजची तांब्याची तार लागते. माझ्या घरात ८ गेजची होती. सोपा हिशेब आहे. नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधली तारांची कोष्टकं ३० अंश सेल्सिअस तापमान धरून केलेली आहेत. भोवतालचं तापमान जास्त असेल तर क्षमता कमी धरायची. ८ गेजच्या त्या तारेची, ९० अंशांच्या इन्सुलेशनच्या रकान्यातली क्षमता ५५ अँपियर. भोवती ६१ ते ६५ अंश असेल तर तिला ०.६५ नं गुणायचं. उरले पावणेछत्तीस. गाडी ओढत होती चाळीस, तीही दोन तास सलग, तीही अशा सॉकेटमधून जे कधीमधी वापरायच्या शेगडीसाठी बनवलेलं होतं.

ब्रेकर का पडला नाही, असं मला चार जणांनी विचारलं. का पडेल? तो ५० चा होता. चाळीसला त्यानं काही करायचं कारणच नव्हतं. ब्रेकर हा तारेचा राखणदार. तारच बारीक घातली तर राखणदाराला काय कळणार?

हेच काम त्यानं सिएटलमध्ये केलं असतं तरी ते कोडप्रमाणे चुकीचंच होतं. कदाचित तिथे ते वर्षानुवर्षं खपून गेलं असतं. इथे पहिल्याच जुलैत उघडं पडलं. वाळवंटातली गोष्ट ही अशी आहे. बाकीच्या ठिकाणी ज्या चुका झाकल्या जातात, त्या इथे ११४ अंशांत बाहेर येतात. आणि बाहेर येतात त्या नेमक्या दिवशी, ज्या दिवशी घरात वीज नसणं म्हणजे नुसती गैरसोय नसते.

विदर्भातली माणसं इथे मला म्हणतात, "अरे, आम्ही चंद्रपूरचा उन्हाळा काढलाय, आम्हाला काय सांगतो." मीही अकोल्याचाच आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. तिकडची जुनी घरं जाड भिंतींची, खिडक्या समोरासमोर, वाळ्याचे पडदे, कूलर आणि रात्री गच्ची. इथलं घर म्हणजे लाकडी सांगाडा, वर स्टको, सगळं बंदिस्त. एसी चालू असेल तर घर, नाहीतर भट्टी. आणि रात्रीचा भरवसा इथे धरू नका. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस फिनिक्सला पारा ११० किंवा त्याच्या वर गेला. त्याच जुलैत एका दिवशी रात्रीचं किमान तापमान ९७ अंश होतं. किमान! त्या वर्षी आपल्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्यातले बरेच रस्त्यावर राहणारे बेघर लोक होते, हे खरं. पण घराच्या आत गेलेलेही होते. त्यांतल्या अनेकांच्या घरी एसी होता, फक्त तो चालत नव्हता.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. या गावात घराचं वायरिंग हे नळाच्या वॉशरसारखं किरकोळ काम नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या औषधासारखं आहे. औषध आपण ग्रुपवर "रीझनेबल कोणाकडे मिळेल" म्हणून विचारतो का?

आता कायद्याचं बोलू, कारण इथे आपल्या लोकांनी एक सोयीस्कर गैरसमज करून घेतलाय.

गैरसमज असा: "हजार डॉलरच्या आतलं काम असेल तर लायसन लागत नाही." अर्धवट आहे. ॲरिझोनात किरकोळ कामं करणाऱ्या हँडीमनला सूट आहे, पण त्याला दोन अटी आहेत. मजुरी आणि सामान धरून काम हजार डॉलरच्या आत हवं, आणि त्या कामाला बांधकामाचं परमिट लागत नसायला हवं. दोन्ही अटी एकदम. गॅरेजमध्ये नवीन २४० व्होल्टचं सर्किट काढायला आपल्या भागातल्या बहुतेक शहरांत परमिट लागतं. म्हणजे साडेसहाशेत केलं तरी ते काम हँडीमनचं नाही. खराब झालेला पंखा बदलायला बोलवा, काही हरकत नाही. पॅनेल उघडून नवीन ब्रेकर बसवायला तो चालणार नाही. विनापरवाना कंत्राट घेणं हा या राज्यात गुन्हा आहे, नुसती शिस्तीची बाब नाही.

लायसन देणारी संस्था म्हणजे रजिस्ट्रार ऑफ काँट्रॅक्टर्स, ज्याला सगळे आरओसी म्हणतात. घरगुती विजेच्या कामाचा वर्ग आर-११, घरगुती आणि व्यापारी दोन्हींचा सीआर-११. एसीचं काम वेगळं, त्याचा वर्ग आर-३९. "तो एसीवाला वायरिंगपण करतो" हे म्हणूनच चालत नाही. आरओसीच्या वेबसाइटवर नाव किंवा नंबर टाकला की लायसन चालू आहे की नाही, कोणत्या वर्गाचं आहे, तक्रारी आहेत का, हे फुकटात दिसतं. दोन मिनिटांचं काम. आपण रेस्टॉरंटचे रिव्ह्यू वीस मिनिटं वाचतो.

लायसनवाल्यानं काम बिघडवलं तर काम संपल्यापासून दोन वर्षांच्या आत आरओसीकडे तक्रार करता येते. तो पळाला, बुडाला, तर घरमालकांसाठी रिकव्हरी फंड आहे, एका घरामागे ३०,००० डॉलरपर्यंत. पण तो फंड लायसनवाल्याकडून काम करून घेतलं असेल तरच. ग्रुपवरच्या नंबरासाठी यातलं काहीही नाही. माझ्या विमा कंपनीनं फोनवर विचारलेला पहिला प्रश्न होता, "परमिट क्रमांक सांगा." त्यानंतरचे तीन महिने कसे गेले ते सांगत नाही. घर विकताना विक्रेत्यानं जो माहितीचा फॉर्म भरायचा असतो, त्यातही विनापरमिट कामाबद्दल प्रश्न असतोच. तिथे खोटं लिहाल तर ते प्रकरण वेगळंच.

आणि एक लक्षात घ्या, लायसन म्हणजे देवाचा अंगारा नाही. ॲरिझोनात लायसन कंत्राटदाराला मिळतं. घरी पाना-पक्कड घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाला राज्याकडून वेगळं लायसन लागत नाही. म्हणून "घरी कोण येणार, त्याला किती वर्षांचा अनुभव, परमिट कोण काढणार" हे विचारायचंच. गावाकडे आपण पाहिलेलं आहे की, नवीन मीटरसाठी लायसनवाल्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि कितीदा तरी सही करणारा एक असतो, काम करणारा भलताच. सहीवाल्यानं घराचा उंबराही पाहिलेला नसतो. तीच सवय आपण विमानात घालून इथे आणली. फरक एवढाच की इथे परमिट काढलं तर शहराचा इन्स्पेक्टर खरंच येतो. पॅनेलचं झाकण काढून बघतो. तो आपल्या बाजूचा माणूस आहे, आणि आपण त्याला "भानगड" म्हणतो.

आता "लोकल" या शब्दाबद्दल. नुसतं लायसन बघून भागत नाही, स्थानिक माणूस का हवा तेही सांगतो.

आपली पॅनेलं घराबाहेर भिंतीवर असतात, बऱ्याच घरांची पश्चिमेच्या भिंतीवर. साधे ब्रेकर ४० अंश सेल्सिअस धरून बनवलेले असतात. पश्चिमेचं ऊन खाऊन तापलेल्या पेटीत ते लवकर पडतात. बाहेरून आलेला किंवा अर्धवट शिकलेला माणूस काय करतो? "ब्रेकर वीक झालाय" म्हणून मोठा बसवतो. झालं. राखणदार ओरडतो म्हणून बहिरा राखणदार ठेवला. इथला जाणता माणूस आधी लोड मोजतो, जोडण्या घट्ट आहेत का बघतो, मग बोलतो.

दुसरं, जमीन. आपल्याकडे जमिनीखाली कॅलिची असतो, चुनखडीचा दगडासारखा थर. अर्थिंगची सळई त्यात सहज जात नाही, आणि कोरडी जमीन वीजही नीट ओढून घेत नाही. यावर उपाय कुठे निघाला माहीत आहे? इथेच. दुसऱ्या महायुद्धात टुसान आणि फ्लॅगस्टाफजवळच्या लष्करी दारूगोळ्याच्या कोठारांना आकाशातल्या विजेपासून वाचवायचं होतं आणि जमीन कोरडीठाक. हर्बर्ट उफर नावाच्या अभियंत्यानं पायाच्या काँक्रीटमधल्या लोखंडाचाच अर्थिंगसाठी उपयोग केला. आज अमेरिकाभर नव्या घरांत ती पद्धत वापरतात आणि इलेक्ट्रिशियन तिला उफर ग्राउंड म्हणतात. वाळवंटात काम करणाऱ्याचं शहाणपण हे असं वाळवंटातूनच येतं. मॉन्सूनमध्ये धुळीची वादळं आणि विजा सुरू झाल्या की या अर्थिंगची किंमत कळते. ज्यांच्या परसात स्विमिंग पूल आहे त्यांनी तर बाँडिंग आणि जीएफसीआय हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. पाण्यात पोरं असतात.

पण "लोकल" म्हणून जे जे समोर येतं ते सगळं लोकल नसतं, हेही सांगायला हवं. नेटवर शोधलं की पहिले काही नंबर ६०२ किंवा ४८० नं सुरू होतात, पण फोन जातो कुठल्या तरी कॉल सेंटरला. ते तुमची चौकशी विकतात, मग अर्ध्या तासात चार जण फोन करतात. काही छोटी नावाजलेली दुकानं मोठ्या गुंतवणूकदारांनी विकत घेतली. गाडीवर नाव तेच, आत मात्र विक्रीचं टार्गेट. तपासायला म्हणून माणूस येतो आणि जाताना नवं पॅनेल विकून जातो. दारावर सोलर विकायला येणारा गोड पोरगा हाही त्याच जातकुळीतला. म्हणजे एका बाजूला रोखीतला माणूस आणि दुसऱ्या बाजूला हा बाजार. या दोघांच्या मध्ये दोन-चार माणसांचं, एखाददुसऱ्या व्हॅनचं, स्वतः फोन उचलणाऱ्या इलेक्ट्रिशियनचं दुकान चेंगरतंय. आपण बाराशे डॉलर वाचवताना गळा त्याचा दाबत असतो.

आता तुमचे आक्षेप. कमेंटमध्ये येणारच आहेत, म्हणून आधीच घेतो.

"लायसनवाले लुटतात." काही लुटतात. म्हणून तीन लेखी कोटेशनं घ्या, प्रत्येकावर आरओसी क्रमांक बघा. पण १८५० आणि ६५० यांतला फरक म्हणजे निव्वळ लूट नव्हे. त्यात जाड तार आहे, चांगलं सॉकेट आहे, परमिटची फी आहे, विमा आहे, कामगाराचा अपघात विमा आहे, आणि पाच वर्षं उमेदवारी करून शिकलेल्या माणसाची मजुरी आहे. ग्रुपवरचा माणूस माझ्या ॲटिकमधून खाली पडला असता तर? त्याचा विमा नव्हता. त्याच्या बायकोपोरांचं काय, हा विचार मी तेव्हा केला नाही. त्यालाही आपण याच स्वस्ताईत ढकलतो.

"लायसनवाले मिळतच नाहीत, तीन तीन आठवडे थांबावं लागतं." खरं आहे. चँडलरला इंटेल, उत्तरेला टीएसएमसी, चहूकडे डेटा सेंटरं. चांगले इलेक्ट्रिशियन तिकडे ओढले जातात. गंमत म्हणजे त्यातल्या कितीतरी ठिकाणी आपणच नोकरीला आहोत. त्यावर उपाय म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये काम काढणं. जूनमध्ये जागं होऊन मिळेल तो धरणं हा उपाय नव्हे.

"मी इंजिनियर आहे, व्हिडिओ बघून स्वतः करेन." करा की. स्वतः राहत असलेल्या घरात मालकाला स्वतः काम करायची मुभा कायद्यानं आहे. पण परमिट काढा आणि इन्स्पेक्टरला दाखवा. ते करणाऱ्याला मी सलाम करतो. न करणाऱ्यानं सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंगवर भाषणं देऊ नयेत.

"आपल्या माणसाला चार पैसे मिळतात, त्यात तुझं काय जातं?" हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त लागतो. आपला माणूस खरंच पुढे यावा असं वाटतं ना? मग त्याला लायसन काढायला मदत करा. परीक्षेचा फॉर्म भरून द्या, फीसाठी वर्गणी काढा, मी पहिले दोनशे डॉलर देतो. त्याला कायम अंधारात, रोखीत, भीतीत ठेवून स्वस्त काम काढून घेणं ही मदत नव्हे, ते शोषण आहे.

आता एक गोष्ट, जी लिहिल्यावर काही मित्र तुटतील. तुटू देत. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी दोन-दोन, तीन-तीन घरं भाड्यानं दिली आहेत. स्वतःच्या घरात लायसनवाला आणि भाडेकरूच्या घरात ग्रुपवरचा, असं करणारे मला माहीत आहेत. फिनिक्स शहराच्या नियमाप्रमाणे भाड्याच्या घरातला एसी खोल्या ८२ अंश किंवा त्याखाली ठेवू शकला पाहिजे. तो एसी ज्या वायरवर चालतो ती वायर तुमची जबाबदारी आहे. भाडेकरूचे वडीलही ७६ वर्षांचे असू शकतात. त्यांनाही रात्री नऊ वाजता गच्ची आठवू शकते.

मुळात ही सवय येते कुठून? मला वाटतं, वायरमनला आपण कधी शिकलेला माणूस मानलंच नाही. लहानपणी घरी वायरमन आला की त्याला चहा वेगळ्या कपात, आणि पैसे देताना घासाघीस. आयटीआय म्हणजे "दहावीला कमी पडलेत." ती नजर घेऊनच आपण इथल्या इलेक्ट्रिशियनकडे बघतो. डॉक्टरच्या बिलावर आपण वाद घालत नाही, वकिलाच्या बिलावर घालत नाही, पण ज्याच्या हातात आपल्या घराचा जीव आहे त्याच्याकडून "लास्ट प्राइस" मागतो.

त्या दिवशी पहाटे साडेचारला ॲटिकमधून तो माणूस खाली उतरला, घामानं चिंब. हातात तपकिरी पडलेली केबल. माझ्यावर डाफरला नाही. एवढंच म्हणाला, "शेगडीला ही चालली असती." मग बाबा कसे आहेत ते विचारलं. त्याचं बिल मी एक शब्द न बोलता दिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आता मागणं. पहिलं, आपल्या ग्रुपांच्या ॲडमिन मंडळींकडे. घराच्या कामासाठी कुणाची शिफारस करायची तर आरओसी क्रमांकासह करा, नाहीतर पोस्ट काढून टाका, एवढा एक नियम करा. आपण राजकारणावरच्या पोस्टी काढून टाकतो, या का नाही?

दुसरं, आपल्या मंडळाकडे. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात अर्धा तास एखाद्या स्थानिक इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाडवा मार्च-एप्रिलमध्येच येतो, उन्हाळ्याच्या नेमका आधी. पॅनेल कसं बघायचं, कोणता वास आला की मेन बंद करायचा, एवढं त्यानं सांगितलं तरी पुरे. नाचगाणी अर्धा तास कमी झाली तर संस्कृती बुडत नाही.

तिसरं, शहरांच्या नगरसेवकांकडे, ज्यांच्या सभांना आपण कधी जात नाही. घरगुती चार्जरसारख्या छोट्या कामांचं परमिट स्वस्त आणि झटपट करा, म्हणजे लोकांना ते चुकवण्याचा मोह होणार नाही. ही मागणी करायला मी पुढच्या महिन्यात माझ्या शहराच्या बैठकीला जाणार आहे. कुणी सोबत येणार असेल तर सांगा.

आणि तुमच्याकडे, फक्त एवढंच. आईबाबांचं विमान उतरायच्या आधी घरातलं विनापरमिट काम आठवून बघा. असेलच काही. एखाद्या लायसनवाल्याला बोलवा आणि लाज न बाळगता सांगा, "हे असं करून घेतलंय, तपासून द्या." ते रागावत नाहीत. त्यांनी याहून वाईट पाहिलेलं असतं.

काल ज्यांनी मेसेज टाकला होता त्यांना मी वेगळा फोन केला. ते म्हणाले, "पण सगळेच त्याच्याकडून करून घेतात." मी म्हटलं, माझ्याकडे एक जळलेलं सॉकेट ठेवलेलं आहे, येऊन बघून जा. रविवारी येतो म्हणालेत. तुम्हीही या. चहा आहे, सगळ्यांना सारख्याच कपात.